फत्तेची बातमी आणि रामशेजचा किल्लेदार

रामशेजचा वेढा ही नाशिककरांच्या घरातली गोष्ट आहे. शहराच्या उत्तरेला, पेठ रस्त्यालगत, आशेवाडी गावाच्या डोक्यावर उभा असलेला हा किल्ला सह्याद्रीतल्या इतर दुर्गांशेजारी ठेवला तर नजरेत भरत नाही. साल्हेरची उंची त्याला नाही आणि त्र्यंबकगडाचे कडेही नाहीत. तरीही १६८२ पासून पुढे पाच वर्षांहून अधिक काळ औरंगजेबाचे नामांकित सेनापती त्याच्या पायथ्याशी अडकून पडले. ही हकीकत शाळेच्या सहलीत, व्याख्यानमालांत आणि आता मोबाइलवरच्या संदेशांत आपण पुन्हा पुन्हा ऐकतो.

माझे कुतूहल थोडे वेगळे आहे. या पाच वर्षांत पायथ्याच्या छावणीतून बादशहाला काय कळवले जात होते? लढाई हरताना किंवा जिंकतही नसताना सरकारी बातमी कशी लिहिली जाते? ती बातमी आज आपल्या हाती आली तर तिच्यावर किती विश्वास ठेवायचा? हा प्रश्न एका किल्ल्यापुरता नाही. सतराव्या शतकातला मराठ्यांचा बराचसा इतिहास आपल्याला शत्रूच्या बातम्यांतून कळतो. जिंकणाऱ्याने ‘बंडखोरां’विषयी लिहिलेले कागद हेच बऱ्याचदा त्या बंडखोरांच्या अस्तित्वाचे एकमेव लेखी पुरावे असतात. ते फेकून देता येत नाहीत आणि जसेच्या तसे घेताही येत नाहीत.

वितीएवढे कागद

मोगल राज्यात बातमी हे एक खातेच होते. ‘ऐन-ए-अकबरी’त दरबारच्या चौदा वाकियानवीसांचा उल्लेख आहे. रोज पाळीप्रमाणे दोघेजण दिवसभराची नोंद करीत. पुढे सुभ्यासुभ्यांत आणि फौजांबरोबर असे लेखक नेमले गेले. वाकियानवीस उघडपणे लिहिणारा. तो सुभेदाराला किंवा सेनापतीला सामील होईल ही भीती असल्यामुळे त्याच्यावर सवानिहनिगार आणि त्या दोघांवर खुफियानवीस, म्हणजे गुप्तपणे लिहिणारा. शिवाय तोंडी खबर आणणारे हरकारे होतेच. डाकचौक्यांवरचे जासूद हे कागद पळत पुढे नेत. मनुची हा इटालियन प्रवासी सांगतो, की रात्री नऊच्या सुमारास जनानखान्यातल्या स्त्रिया ही बातमीपत्रे बादशहाला वाचून दाखवीत.

दरबारात जे वाचले जाई त्याची टिपणे राजेरजवाड्यांचे वकील आपापल्या धन्यांना पाठवीत. आंबेरच्या, म्हणजे पुढच्या जयपूरच्या राजांकडे अशा टिपणांचे गठ्ठे साठले. हीच ‘अखबारात-ए-दरबार-ए-मुअल्ला’. कागद वितीएवढे, अक्षर घाईचे शिकस्ता वळणाचे, भाषा फारसी. त्यांतला एक गठ्ठा कर्नल टॉडच्या हाती लागून लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत गेला. जयपूरचा साठा आता बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात आहे. सर जदुनाथ सरकारांनी त्यांच्या नकला करवून घेतल्या आणि औरंगजेबाचा इतिहास मोठ्या प्रमाणात त्यांवर उभा केला. मध्य प्रदेशातल्या सीतामऊला महाराजकुमार रघुबीरसिंहांनी आपल्या संग्रहात या नकला आणल्या. मराठी वाचकांपर्यंत हे धन पोचले ते सेतुमाधवराव पगडींमुळे. माझी फारसी लिपी ओळखण्यापलीकडे जात नाही, त्यामुळे मीही पगडींच्याच अनुवादांचा ऋणी आहे.

ही बातमीपत्रे प्रथम वाचणाऱ्याची निराशा होते. त्यांत रणधुमाळी नाही. अमुक सरदार हजर झाला, नजर केली, खिलत मिळाली, मनसब वाढली, अमक्याला अमुक ठिकाणी जाण्याचा हुकूम झाला, असा सारा हिशेबी मजकूर. पण सलग वाचत गेले की या हिशेबातूनच एक गोष्ट ध्यानात येते. जेव्हा विजय मिळालेला असतो तेव्हा बातमीत बक्षिसे असतात. जेव्हा तो मिळत नसतो तेव्हा बातमीत हुकूम असतात. रामशेजची हकीकत या दुसऱ्या प्रकारातली. १६८२ च्या मार्चमध्ये औरंगजेब औरंगाबादेस पोचला आणि त्याच वर्षी शहाबुद्दीनखान रामशेजवर रवाना झाला. त्याला यश येईना म्हणून खानजहान बहादूर कोकलताश आला. तोही परतला, मग कासीमखान किरमाणी आला. तीन सेनापतींची ही यादी म्हणजेच वेढ्याची खरी बातमी. ‘आपण हरलो’ असे वाक्य कोणत्याही दरबारी कागदात सापडणार नाही. ‘अमक्याच्या जागी तमका’ हे वाक्य मात्र लपवता येत नाही.

गनीम, बंडखोर आणि टोरी

या कागदांत मराठ्यांना काय म्हटले आहे, तिकडेही लक्ष द्यायला हवे. शिवाजीमहाराज ‘शिवा’ आहेत, संभाजीमहाराज ‘संभा’. त्यांच्यामागे नरकात जाण्याची विशेषणे लागतात. त्यांच्या फौजेसाठी वारंवार येणारा शब्द म्हणजे ‘गनीम’. मूळ अरबी शब्दात लुटीचा अर्थ आहे. ‘गनीमत’ म्हणजे युद्धात हाती आलेली लूट. राज्य करणाऱ्या शत्रूला राजा म्हणतात, लुटणाऱ्याला गनीम. हा शब्द वापरला की समोर दुसरे राज्य आहे हे कबूल करावे लागत नाही. मग त्याच्याशी होणारी लढाई ही दोन सत्तांची लढाई न राहता बंदोबस्ताचे काम ठरते.

पश्चिमेकडेही हीच रीत होती. सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत महाराजांचा उल्लेख ‘बंडखोर’ असा येतो. १६७० च्या दशकाच्या आरंभी ‘लंडन गॅझेट’ या सरकारी वृत्तपत्रातही सुरतेच्या लुटीच्या संदर्भात तोच शब्द आला. गंमत अशी, की त्याच बातमीत या बंडखोराने मोगलांना लढायांत अनेकदा हरवले असून तो त्या मुलखाचा जवळजवळ धनी झाला आहे, अशा अर्थाचा मजकूर आहे. मुलखाचा धनी झालेला माणूस बंडखोर कसा, हा प्रश्न छापणाऱ्याला पडला नाही. इंग्रजांना हा शब्द इतका सहज सुचला याचे एक कारण त्यांच्या घराशेजारी होते. ते कारण म्हणजे आयर्लंड.

सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडने आयर्लंडवर आपला अंमल बसवण्यासाठी जी युद्धे केली, त्यांच्या बातम्यांनी लंडनच्या छापखान्यांना मोठा धंदा दिला. १५८१ मध्ये जॉन डेरिक याने आयर्लंडवर एक सचित्र पद्यग्रंथ छापला. सर हेन्री सिडनी या इंग्रज अधिकाऱ्याच्या विजयांची ती चित्रमय बातमीच होती. चित्रांत इंग्रज फौज रांगेत, शिस्तीत. आयरिश लोक रानटी, पळणारे. आणि शेवटी टर्लो ओनील हा आयरिश सरदार सिडनीपुढे गुडघे टेकताना. १६४१ मध्ये आयर्लंडमध्ये मोठा उठाव झाला. त्याच वर्षी इंग्लंडमधील छपाईवरचे जुने निर्बंध ढिले झाले होते. लगेच आठ-सोळा पानी पत्रकांचा पूर आला. आनंदाची बातमी, आयर्लंडहून आलेली खरी बातमी, बंडखोरांवर मिळवलेला महान विजय, अशा थाटाची त्यांची शीर्षके असत. काही पत्रकांत लढाया होत्या, काहींत बंडखोरांच्या क्रौर्याच्या कहाण्या. सर जॉन टेंपल याने १६४६ मध्ये आपल्या ग्रंथात मारल्या गेलेल्या प्रॉटेस्टंटांचा आकडा तीन लाखांवर नेला. आयर्लंडमध्ये तेवढे प्रॉटेस्टंट वसाहतदारच नव्हते. पण आकडा छापला गेला, आणि पुढच्या सूडाला तो पुरावा म्हणून वापरला गेला.

१६४९ च्या सप्टेंबरात ऑलिव्हर क्रॉमवेलने द्रोहेडा हे शहर घेतले. त्याने पार्लमेंटला पाठवलेले विजयाचे पत्र सरकारी हुकुमाने लंडनमध्ये छापले गेले. झालेली कत्तल हा ईश्वरी न्याय आहे, असा त्या पत्राचा सूर. छापील पत्राच्या शेवटी ठार झालेल्यांची यादी आहे. तीत अमुक पलटणीचे इतके अधिकारी, इतके शिपाई असे सांगत सांगत शेवटी ‘आणि बरेच रहिवासी’ असे शब्द येतात. हे शब्द स्वतः क्रॉमवेलचे की यादी जोडणाऱ्याचे, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला त्या वादापेक्षा शब्दांची जागा महत्त्वाची वाटते. सैनिक मोजले आहेत, नगरवासीयांना आकडाही मिळालेला नाही.

शब्दांचे पुढे काय होते हेही पाहण्यासारखे आहे. जमिनी गेल्यावर रानावनात राहून इंग्रजांवर छापे घालणाऱ्या आयरिश लोकांना ‘टोरी’ म्हणत. आयरिश भाषेतल्या मूळ शब्दाचा अर्थ पाठलाग करणारा, पुढे लुटारू. हाच शिवीसारखा शब्द इंग्लंडमध्ये एका राजकीय पक्षाला चिकटला आणि तो पक्ष आजही तो मिरवतो. आपल्याकडे ‘गनीम’चे तेच झाले. मराठ्यांनी तो शब्द उचलून उलट आपल्या शत्रूंना लावला, आणि ‘गनिमी कावा’ तर आपल्या अभिमानाचा शब्द झाला. मोगली बातमीपत्रातली शिवी मराठी शब्दकोशात युद्धकौशल्याचे नाव होऊन बसली आहे.

पदव्यांचा हिशेब

आता पुन्हा नाशिककडे येऊ. शहाबुद्दीनखान रामशेजहून हात हलवत गेला. पण त्याची कारकीर्द बुडाली नाही. १६८५ च्या आरंभी तो घाट उतरून रायगडाच्या पायथ्याशी गेला आणि त्याने पाचाड हे गाव जाळले. रायगडाला धक्का लागला नाही. तो पुढे आणखी चार वर्षे मराठ्यांकडेच राहिला. तरी या कामगिरीची बातमी विजय म्हणून दरबारात पोचली आणि खानाला ‘गाजीउद्दीनखान बहादूर’ ही पदवी मिळाली. पुढे त्यात ‘फिरोजजंग’ जोडले गेले. फिरोजजंग म्हणजे युद्धात विजयी. रामशेजवर त्याच्या जागी आलेल्या खानजहान बहादूरकडे ‘जफरजंग’ ही पदवी आधीच होती. तिचाही अर्थ तोच. नाशिकच्या एका बुटक्या डोंगरापुढे हार खाल्लेले हे दोघे सेनापती इतिहासात ‘विजयी’ या नावानेच वावरतात.

पाचाडचे उदाहरण मी मुद्दाम दिले. किल्ला पडत नसला की किल्ल्याखालचे गाव सापडते. गाव जाळता येते, गुरे वळवून नेता येतात, माणसे धरता येतात. त्यांचे आकडे कागदावर चांगले दिसतात. त्या काळच्या मोहिमांच्या बातम्यांत गुरे आणि कैदी ही विजयाची मोजमापे आहेत. दिंडोरी, बागलाण, कळवण या भागातून वर्षानुवर्षे मोगल आणि मराठे अशा दोन्ही फौजा गेल्या. त्यांच्या घोड्यांना वैरण आणि माणसांना धान्य इथल्याच रानांतून आणि खळ्यांवरून गेले असणार. ‘आणि बरेच रहिवासी’ हे द्रोहेडाच्या यादीतले शब्द वाचताना मला या गावांची आठवण येते. फत्तेच्या बातमीत ती गावे नावानिशी येतात ती केवळ जळाल्यावर.

खाफीखानाची साक्ष

मग वेढ्याच्या ज्या रसाळ हकीकती आपण सांगतो त्या कुठून आल्या? बातमीपत्रांतून नव्हे. त्या खाफीखानाच्या ‘मुंतखब-उल-लुबाब’ या इतिहासातल्या आहेत, आणि तो वेढ्यानंतर कित्येक दशकांनी लिहिला गेला. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या. लाकडाचे ओंडके पोखरून, त्यांवर कातडे चढवून केलेल्या तोफांनी मराठ्यांनी काम भागवले. शहाबुद्दीनखानाने किल्ल्याच्या उंचीला भिडणारा लाकडी दमदमा उभारला. खानजहानने एका रात्री एका बाजूला बाजारबुणग्यांकडून मोठा गलका करवला आणि दुसऱ्या बाजूने निवडक माणसे चढवली. किल्लेदाराने तो डाव ओळखून गलक्याच्या बाजूला नगारे वाजवत ठेवले आणि शांत बाजूला माणसे दबा धरून बसवली. त्यानंतर मांत्रिकाची गोष्ट येते. शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग हातात धरून तो फौजेच्या पुढे निघाला, अर्ध्या वाटेत गोफणीचा दगड त्याच्या छातीवर बसला आणि नाग हातातून उडाला. शेवटी खानजहानने जाताना लाकूडसामान पेटवून दिले. तेव्हा तटावरचे मराठे ढोल वाजवत त्याची टर उडवत होते.

या हकीकतींचे वजन किती? इथे लेखक कोणाच्या पदरी होता हे पाहावे लागते. खाफीखानावर पहिल्या निजाम-उल-मुल्काची मर्जी होती आणि त्याने त्याच्याकडे दिवाणगिरी केली. हा निजाम म्हणजे शहाबुद्दीनखान ऊर्फ गाजीउद्दीनखान फिरोजजंग याचाच मुलगा. आश्रयदात्याच्या बापाचे अपयश लिहिण्यात खाफीखानाचा काहीच फायदा नव्हता. तरी ते त्याने लिहिले. म्हणून वेढा फसला आणि किल्ल्यातले लोक शर्थीने लढले, हा त्याच्या कथनाचा गाभा मी भक्कम मानतो. पण त्याचबरोबर हेही दिसते, की सोन्याच्या नागाची फजिती, फसलेली रात्रीची चढाई आणि तटावरून झालेली टवाळी हे सगळे खानजहानच्या वाट्याला आले आहे. शहाबुद्दीनखानाच्या वाट्याला मोठा दमदमा उभारण्याचे कष्ट आले. हसू एकाचे आणि मेहनत दुसऱ्याची, ही वाटणी निजामाच्या दरबारात वाचायला सोयीची होती. नाग खरोखर होता की नाही यावर मी पैज लावणार नाही. वेढा उठला यावर लावीन.

आपल्या फत्तेचे आकडे

हीच कसोटी आपल्या बाजूला लावल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. नाशिक जिल्ह्यातच त्याची दोन चांगली उदाहरणे आहेत.

पहिले १६७० चे. सुरतेची दुसरी लूट घेऊन महाराज ऑक्टोबरात परतत असताना वणी-दिंडोरीच्या परिसरात दाऊदखान कुरेशीने त्यांची वाट अडवली. या लढाईचे दोन साक्षीदार दोन बाजूंनी लिहितात. कृष्णाजी अनंत सभासद तीन हजार मोगल मारल्याचे आणि तीन-चार हजार घोडे हाती आल्याचे सांगतो. अंगात चिलखत आणि हाती पट्टे घेतलेले महाराज खासा रणात आहेत, असे चित्र तो रेखाटतो. दुसरा साक्षीदार भीमसेन सक्सेना. हा बुऱ्हाणपूरचा कायस्थ दाऊदखानाच्या फौजेबरोबर स्वतः होता. त्याच्या ‘तारीख-ए-दिलकुशा’त लढाईत झालेली मोगलांची दाणादाण आहे, जखमी होऊन घोड्यावरून पडलेला इख्लासखान आहे, संध्याकाळपर्यंत चाललेल्या चकमकी आहेत. पण सगळ्यात बोलकी आहे ती लढाईनंतरची नोंद. दाऊदखान नाशिकला गेला आणि महिनाभर तिथेच थांबून राहिला. सभासदाचे तीन हजार खरे की नाहीत हे मोजण्याचे साधन आपल्याकडे नाही. लूट सुखरूप घरी पोचली आणि अडवणारा महिनाभर हलू शकला नाही, एवढ्यावरून लढाई कोणी जिंकली ते कळते. ते सांगणारा साक्षीदार शत्रूच्या छावणीतला आहे, म्हणून त्याची किंमत अधिक.

दुसरे उदाहरण १६७२ च्या साल्हेरच्या लढाईचे. मोकळ्या मैदानात मोगल फौजेला समोरासमोर हरवल्याची ही लढाई. सभासदाच्या बखरीत ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. धुळीने तीन कोस काही दिसत नाही, रक्ताचे पूर वाहतात, सूर्याजी काकडे तोफेचा गोळा लागून पडतो. आकडे मात्र गोल आहेत. दोन्हीकडचे मिळून दहा हजार मुडदे, सहा हजार घोडी, सव्वाशे हत्ती. विजयाची खबर ऐकून महाराजांनी तोफा उडवल्या, साखर वाटली, खबर आणणाऱ्या जासुदांच्या हातात सोन्याची कडी घातली. तिकडे बातमी ऐकून औरंगजेब तीन दिवस दरबारात आला नाही, असेही बखर सांगते.

सभासदाने हे लिहिले जिंजीत, सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून. रायगड गेला होता, संभाजीमहाराजांची हत्या झाली होती, नवा राजा दूर तामिळ मुलखात वेढ्यात होता. अशा वेळी आपल्या थोरल्या महाराजांच्या फत्तेची आठवण हा इतिहासही होता आणि धीरही. सव्वाशे हत्तींचा आकडा त्या धीराचा भाग आहे. त्याला खोटे म्हणून हिणवण्याची गरज नाही, पण हत्तींची शिरगणती म्हणून वापरण्याचीही नाही. बादशहा तीन दिवस बाहेर आला नाही हे सभासदाला कोणी सांगितले? इकडे बसून आपण जिंकल्याचे मोठेपण शत्रूच्या दुःखाने मोजावे, ही फत्तेच्या बातमीची जुनीच पद्धत. मोगल, इंग्रज, मराठे या तिघांनीही ती वापरली. साल्हेरची फत्ते मात्र बखरीवरच उभी नाही. त्या लढाईत इख्लासखान पकडला गेला, अमरसिंह चंद्रावत मारला गेला आणि लगोलग मुल्हेरही मोगलांच्या हातून गेले. बातमीतले विशेषण गाळले तरी जे उरते, ते पुरेसे मोठे आहे.

शेवट आणि नावे

रामशेजचा शेवट लढाईने झाला नाही. संभाजीमहाराजांनी किल्लेदाराला पोशाख, कडे आणि रोख रक्कम पाठवून त्याचा गौरव केला आणि दुसऱ्या किल्ल्यावर नेमले. त्याच्या जागी नवा किल्लेदार आला. मुल्हेरचा मोगल किल्लेदार नेकनामखान याने पैशाच्या बळावर १६८७ च्या सुमारास रामशेज मिळवला. साल्हेरही त्याच नेकनामखानाने त्याच वाटेने घेतला. पुढे मातबरखानाने पट्टा, त्र्यंबक अशी ठिकाणे काबीज केली. दरबारात बातमी पोचली ती किल्ला फत्ते झाल्याची. तोफेने की थैलीने, याने शब्द बदलत नाही.

जिंकलेल्या किल्ल्यांना नवी नावे देण्याची औरंगजेबाला हौस होती. १६८९ मध्ये रायगड इस्लामगड झाला, १७०० मध्ये सातारा आझमतारा झाला, १७०३ मध्ये सिंहगडाला ‘बक्षिंदाबक्ष’, म्हणजे देवाची देणगी, असे नाव मिळाले. १७०४ मध्ये तोरणा ‘फुतूहुल्गैब’, अदृश्यातून आलेला विजय, झाला. या किल्ल्यांपैकी लढून जिंकलेला असा तोरणाच. बाकीच्यांत पैसा आणि बोलणी होती. सिंहगडाला देणगी म्हणताना लिहिणाऱ्याच्या मनात नेमके काय होते कोण जाणे. यातली बहुतेक नावे धन्याबरोबर गेली. १७०७ मध्ये औरंगजेब वारला. नाशिकचे मोगली नाव गुलशनाबाद आता इतिहासाच्या पुस्तकांपलीकडे फारसे कोणाला आठवत नाही. रामशेज मात्र रामशेजच राहिला.

एक नाव मात्र या सगळ्या कागदांत मिळत नाही, ते पाच वर्षे लढणाऱ्या किल्लेदाराचे. लोकप्रिय लेखनात तो सूर्याजी जेधे म्हणून ओळखला जातो. खाफीखान त्याच्या शहाणपणाची तारीफ करतो, पण त्याचे नाव देत नाही. आपल्या बाजूचे कागद या वेढ्याबद्दल मितभाषी आहेत. रूपाजी भोसले आणि माणाजी मोरे यांनी रामशेजसाठी शहाबुद्दीनखानाच्या फौजेशी झुंज दिली हे कळते, पण तटावरच्या माणसांविषयी मराठीत समकालीन असा सविस्तर मजकूर नाही. पाच वर्षे लढलेली माणसे आपल्यापर्यंत पोचली ती ज्यांना त्यांचा नाश करायचा होता त्यांच्या कागदांतून.

ही उणीव भरून काढण्याची आपल्याला घाई झाली आहे, असे मला अलीकडे वाटते. किल्लेदाराच्या तोंडी भाषणे घातली जातात, शिबंदीचे नेमके आकडे सांगितले जातात, मारलेल्या मोगलांची संख्या दरवर्षी वाढते. हे सारे प्रेमापोटी होते हे मी जाणतो. पण नकळत आपण लंडनच्या त्या पत्रकवाल्यांचीच पद्धत उचलतो आणि त्यात रामशेजचेच नुकसान होते. शत्रूने तीन सेनापती बदलले आणि शेवटी किल्ला विकत घेतला, ही कबुली कोणत्याही भाषणापेक्षा मोठी आहे. तिच्याभोवती पदरचे आकडे रचले, की ऐकणारा उद्या त्या आकड्यांबरोबर कबुलीवरही संशय घेईल.

करण्यासारखे काम वेगळे आहे आणि ते नाशिकमध्ये बसून होऊ शकते. जेधे शकावलीसारख्या मराठी नोंदी, पगडींचे अनुवाद, भीमसेन आणि खाफीखान यांच्या हकीकती आणि बिकानेर-सीतामऊ इथले अखबार एकत्र ठेवून रामशेज, साल्हेर, मुल्हेर, त्र्यंबक, पट्टा या किल्ल्यांची तारीखवार जंत्री तयार करायची. प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने: बातमी कोणी लिहिली, कोणाला लिहिली, आणि त्या बातमीवर कोणाला काय मिळाले. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यासाठी शिकस्ता लिपी वाचणारी चार-पाच तरुण मंडळी हवीत. मराठ्यांच्या इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्या या जिल्ह्यात फारसी शिकण्याचा नियमित वर्ग सुरू झाला, तर मला तो रामशेजवर उभारलेल्या कोणत्याही कमानीपेक्षा मोलाचा वाटेल. त्या किल्लेदाराचे नाव आणखी कुठे सापडायचे असेल, तर ते याच वितीएवढ्या कागदांत, कोण्या वाकियानवीसाने नाइलाजाने लिहिलेल्या एखाद्या ओळीत सापडेल.